वॉटर स्कीइंग आणि सामायिक जलमार्ग : सुरक्षितता, नियम आणि शिष्टाचार यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वॉटर स्कीइंगचा जन्मच सामायिक पाण्यावर झाला. १९२२ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएल्सन या अठरा वर्षांच्या तरुणाने लेक पेपिन या सरोवरात दोन फळ्यांवर उभे राहून बोटीमागे घसरत जाण्यात यश मिळवले. लेक पेपिन म्हणजे मिसिसिपी नदीचाच रुंदावलेला भाग. मालवाहू बार्ज आजही तेथून ये-जा करतात. त्यामुळे ‘हे पाणी कोणाचे’ हा प्रश्न या खेळाला पहिल्या दिवसापासून चिकटलेला आहे.

खालील उत्तरे स्कीअर, चालक आणि निरीक्षक यांच्यासाठी आहेत, तशीच त्याच पाण्यावर पोहायला, मासे धरायला किंवा होडी वल्हवायला येणाऱ्यांसाठीही आहेत. अंतरे, वयाच्या अटी आणि वेळा ठिकाणागणिक बदलतात. स्थानिक नियम येथे दिलेल्या आकड्यांपेक्षा कडक असेल, तर तोच पाळावा. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: पडलेल्या स्कीअरचे डोके पाण्यावर वीत-दीड वीतच दिसते, आणि ते वेळेत दिसावे यासाठी लागणारी जागा आणि वेळ आधीच राखून ठेवावी लागते.

स्कीअरला ओढताना किमान किती माणसे असावीत?

तीन: बोट चालवणारा, मागे पाहणारा निरीक्षक आणि स्वतः स्कीअर. अनेक देशांत निरीक्षक कायद्यानेच सक्तीचा आहे. अमेरिकेतील काही राज्यांत निरीक्षकाऐवजी मागचे रुंद दृश्य दाखवणारा आरसा चालतो. आमच्या मते मात्र आरसा हे निरीक्षकाला मदत करणारे साधन आहे, त्याची जागा घेणारे नव्हे. बोट ताशी ५० किलोमीटर वेगाने जात असेल, तर ती दर सेकंदाला सुमारे १४ मीटर पाणी कापते. चालकाने आरशात दोन सेकंद नीट पाहिले, तर तेवढ्यात बोट जवळजवळ २८ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या २८ मीटरांत समोर काय होते हे कोणीच पाहिलेले नसते.

बोटीची प्रवासीक्षमता मोजताना स्कीअरलाही धरावे, कारण तो दमला, त्याला दुखापत झाली किंवा हवा बिघडली, तर त्याला बोटीतच बसावे लागणार आहे.

निरीक्षकाचे काम नेमके काय असते?

त्याने मागे तोंड करून बसावे, स्कीअरवरून नजर हलवू नये आणि जे दिसेल ते चालकाला मोठ्याने व मोजक्या शब्दांत सांगावे: ‘पडला’, ‘वेग कमी हवा’, ‘उजवीकडून बोट येते आहे’. चालकाने ऐकल्याचे उत्तर द्यावे, म्हणजे इंजिनाच्या आवाजात सूचना हरवली नाही याची खात्री होते. निरीक्षकाला हातांच्या सर्व खुणा ठाऊक असाव्यात, आणि गरज पडल्यास दमलेल्या माणसाला पाण्यातून वर घेता येईल एवढे बळ आणि समज त्याच्याकडे असावी. लहान मुलाला हौसेखातर हे काम देऊ नये. बऱ्याच ठिकाणी निरीक्षकासाठी किमान वय ठरवलेले असते. मोबाइलवर चित्रीकरण करत बसलेली व्यक्ती त्या वेळी निरीक्षक नसते. चित्रीकरण हवे असेल, तर त्यासाठी चौथा माणूस घ्यावा.

हातांच्या कोणत्या खुणा सर्वांना माहीत असाव्यात?

अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे वेग कमी करा. अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेले वर्तुळ म्हणजे आहे तोच वेग ठीक आहे. हात वर करून तर्जनी गोल फिरवणे म्हणजे बोट वळवा, डोक्यावर हात थोपटणे म्हणजे परत धक्क्याकडे न्या, आणि गळ्यावरून आडवा हात फिरवणे म्हणजे ताबडतोब थांबा. ही शेवटची खूण बोटीतील कोणीही देऊ शकतो आणि ती दिसताच कारण न विचारता थांबायचे असते.

यांहूनही महत्त्वाची खूण पडल्यानंतरची आहे. पाण्यावर येताच स्कीअरने दोन्ही हात डोक्यावर जुळवून किंवा एक हात सरळ वर करून आपण ठीक असल्याचे कळवावे. ही खूण आली नाही, तर स्कीअर जखमी आहे असे धरूनच चालकाने परत यावे. आजूबाजूला बोटींची वर्दळ असेल, तर स्कीअरने एक स्की पाण्याबाहेर उभी धरावी. नुसत्या डोक्यापेक्षा ती कितीतरी लांबून दिसते. खुणा ठिकठिकाणी थोड्याफार वेगळ्या असू शकतात, म्हणून नवा गट असेल तर बोट धक्क्यावरून निघण्याआधीच सर्वांनी त्या एकदा करून पाहाव्यात.

सुरुवात कधी करावी, हे कोण ठरवतो?

स्कीअर ठरवतो, मात्र चालकाला नकार देण्याचा अधिकार असतो. बोटीने अगदी संथपणे पुढे सरकत दोराचा ढिलेपणा काढावा. स्कीअर गुडघे पोटाशी घेऊन, हात सरळ ठेवून आणि स्कीची टोके पाण्यावर काढून स्थिर झाला की तो मोठ्याने सांगतो, निरीक्षक तेच चालकाला सांगतो, आणि चालक समोरचे पाणी मोकळे असल्याचे स्वतः पाहून मगच वेग देतो. दोर ढिला असताना एकदम वेग दिला, तर तो ताणला जाताना बसणारा हिसका खांद्यावर आणि मनगटावर येतो, आणि दोराचे वेटोळे कोणाच्या हातापायाभोवती असेल तर त्याचा परिणाम फार गंभीर होऊ शकतो. कोरड्या धक्क्यावरून उडी घेत सुरुवात करणे नवशिक्यांनी टाळावे.

स्कीअर पडला की बोटीने काय करावे?

या खेळातील बहुतेक गंभीर धोके पडणे आणि पुन्हा उठणे यांच्या मधल्या काही मिनिटांत एकवटलेले असतात, म्हणून हे उत्तर सविस्तर देत आहोत.

निरीक्षकाने ‘पडला’ म्हणताच चालकाने वेग उतरवावा, समोर आणि दोन्ही बाजूंना पाहावे आणि मगच बोट वळवावी. निरीक्षकाने त्याच क्षणी झेंडा उंच धरावा. कॅलिफोर्नियासह अमेरिकेतील अनेक राज्यांत लाल किंवा नारिंगी झेंडा दाखवणे बंधनकारक आहे. जेथे ते बंधन नाही तेथेही झेंडा जवळ असावा, कारण ‘या बोटीच्या आसपास पाण्यात माणूस आहे’ हे दुसऱ्या चालकांना सांगण्याचा त्याहून सोपा मार्ग नाही. स्कीअर बोटीत आल्यावर झेंडा खाली घ्यावा. तो दिवसभर तसाच फडकत राहिला, तर लोक त्याकडे लक्ष देणे सोडून देतात.

परत येताना स्कीअर नेहमी चालकाच्या बाजूला असावा, म्हणजे तो बोटीच्या पुढच्या भागाआड जात नाही. त्याच्याभोवती दूरून आणि संथपणे फेरी घेतली की मागून तरंगत येणारा दोर आपोआप त्याच्या हाताशी येतो. त्याला फक्त दोर तळव्यावरून सरकू देत हँडलची वाट पाहायची असते. हँडल मिळाल्यावर बोट पुन्हा हळूच सरळ रेषेत दूर जाते. हे सगळे घाईने करण्यात काहीच हशील नाही, कारण भरधाव वळण घेतल्याने उठलेल्या लाटा पडलेल्या स्कीअरच्या नाकातोंडात जातात आणि त्याच पट्ट्यातली पुढची फेरीही खराब होते.

स्कीअरला बोटीत घ्यायचे असेल, तर तो शिडीपर्यंत पोहोचण्याआधी इंजिन पूर्ण बंद करावे. न्यूट्रलवर भरवसा ठेवू नये. धक्का लागून गिअर पडू शकतो आणि काही बोटींत न्यूट्रलमध्येही बोटीला ढकलणारा पाण्याखालचा पंखा थोडा फिरत राहतो. मिनिटाला ३,२०० फेरे घेणारा तीन पात्यांचा पंखा एका सेकंदात १६० वेळा आघात करू शकतो. उलट्या गिअरमध्ये स्कीअरकडे मागे सरकणे हा प्रकार कोणत्याही कारणासाठी करू नये.

पडताना स्कीअरने स्वतः काय करावे?

तोल गेला की हँडल सोडून द्यावे. ते धरून ठेवण्याच्या जिद्दीतून खांदे निखळतात आणि चेहरा पाण्यावर आपटतो. शक्य असेल तेव्हा मागे किंवा बाजूला पडावे आणि अंग आखडून घ्यावे. जास्त वेगात पडल्यास कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते आणि पाणी दाबाने शरीराच्या आत शिरून दुखापत करू शकते; म्हणून निओप्रीनची, म्हणजे जाड रबरी कापडाची, चड्डी किंवा तशाच कापडाचा अंगभर पोशाख (वेटसूट) ही चैन मानू नये.

दुसऱ्या बोटीने स्कीअरच्या मागे किती अंतर ठेवावे?

थेट मागे येऊच नये. स्पर्धेतील पूर्ण लांबीचा दोर हँडलसह २३ मीटरचा असतो, म्हणजे स्कीअर पडतो तेव्हा त्याची बोट त्याच्यापासून तेवढी दूर असते आणि परत येईपर्यंत आणखी बरीच दूर जाते. त्या दरम्यान तो पाण्यात एकटा असतो. मागची बोट ताशी ५० किलोमीटर वेगाने १०० मीटर अंतरावरून येत असेल, तर तिच्या चालकाच्या हाती सुमारे सात सेकंद असतात. त्या सात सेकंदांत त्याने पडलेले डोके पाहायचे, ते डोके आहे हे ओळखायचे, निर्णय घ्यायचा आणि स्वतःच्या दोराला लागलेल्या स्कीअरसकट वळायचे. सूर्य समोर असेल आणि पाणी चकाकत असेल, तर हे सात सेकंदही हाती राहत नाहीत.

याच कारणासाठी एका बोटीने दुसऱ्या स्कीअरच्या बाजूने समांतर पळणे, लाटेवर उडी मारायला जेट स्कीने त्याच्या मागे लागणे, किंवा मित्राला जवळून पाहायचे म्हणून बोट लगट करणे हे टाळावे. स्कीअर दोराच्या टोकाला दोन्ही बाजूंना बराच झुलतो, त्यामुळे बाजूची जागाही मोकळीच लागते.

किनारा, धक्के आणि पोहणारे यांच्यापासून किती लांब राहावे?

निदान दोराच्या दुप्पट लांबीइतके, म्हणजे पूर्ण दोर असेल तर जवळजवळ ५० मीटर, हा जगभर शिकवला जाणारा ठोकताळा आहे. स्कीअरच्या हातून वळणावर हँडल सुटले, तर तो बोटीच्या वाटेने न जाता बाहेरच्या बाजूला फेकला जातो, आणि धक्क्याचा खांब त्याच दिशेला असतो. पोहणाऱ्यांच्या बाबतीत आम्ही आणखी लांब राहण्याचा आग्रह धरू. पोहणारा माणूस श्वासासाठी एकाच बाजूला तोंड काढतो, त्याचे कान पाण्यात असतात, आणि बोट जवळ आल्याचे त्याला कळेलच असे नाही.

पाण्याची खोली निदान दोन मीटर असावी. त्याहून उथळ पाण्यात पडल्यास तळाला आपटण्याचा धोका राहतो. धक्क्याशी परतताना चालकाने किनाऱ्याला समांतर जावे आणि स्कीअरने लवकर हँडल सोडून संथ होत उरलेले अंतर पोहून जावे. लोकांसमोर ऐनवेळी हँडल सोडून थेट किनाऱ्यावर येण्याचा मोह अनेकांना होतो आणि त्यातून पाय मोडतात.

आमच्यामागे स्कीअर आहे, तर इतर बोटींनी आम्हाला वाट द्यावी का?

नाही. हा गैरसमज सर्वत्र आढळतो. समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीचे १९७२ सालचे आंतरराष्ट्रीय नियम, जे १९७७ साली लागू झाले आणि ज्यांच्या धर्तीवर बहुतेक देशांतील अंतर्गत जलमार्गांचे नियम बेतलेले आहेत, ते ‘वळण्याची क्षमता मर्यादित असलेल्या’ नौकांना विशेष वागणूक देतात. स्कीअरला ओढणारी बोट त्या वर्गात बसत नाही. ती एक साधी यांत्रिक बोट आहे आणि तिला साधेच नियम लागू होतात.

समोरासमोर येणाऱ्या दोन यांत्रिक बोटींनी आपापल्या उजवीकडे वळावे. वाटा एकमेकींना छेदत असतील, तर जिला दुसरी बोट आपल्या उजव्या हाताला दिसते तिने वाट द्यावी. मागून पुढे जाणाऱ्याने पुढच्याला धक्का न लावता जाण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. अरुंद पट्ट्यात उजव्या कडेने चालावे. शिडावर चाललेल्या होडीला आणि जाळी टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला यांत्रिक बोटीने वाट द्यावी. गळ टाकून बसलेला हौशी माणूस या शेवटच्या नियमात तांत्रिकदृष्ट्या येत नाही, पण त्याच्या दोरीवरून बोट नेणे असभ्यपणाचे आहे, हे सांगायला कायदा लागू नये.

वाट आपली असली तरी टक्कर टाळण्याचे कर्तव्य दोघांचेही असते. दोराला माणूस बांधलेल्या चालकाने तर वाटेचा हक्क सोडून देण्याची तयारी नेहमीच ठेवावी. त्याला लवकर आणि ठळकपणे वळता यावे, यासाठी त्याने पुढची दिशा खूप आधी ठरवलेली असावी.

वल्हवणाऱ्या होड्या, कयाक आणि पाणबुडे यांच्याजवळ कसे वागावे?

शर्यतीच्या होडीतले वल्हवणारे ज्या दिशेने जातात तिकडे त्यांची पाठ असते. म्हणजे आपण समोरून येत असलो, तर त्यांना आपण दिसत नाही, हे गृहीत धरायचे. आठ जणांची अशी होडी सुमारे १७ ते १८ मीटर लांब आणि अतिशय अरुंद असते, तिची कड पाण्यापासून जेमतेम काही सेंटिमीटर वर असते, आणि बोटीमागची एक मध्यम लाटही तिच्यात पाणी भरू शकते. कयाक आणि उभ्याने वल्हवायच्या फळ्या यांची गोष्ट थोडी वेगळी. त्यांना लाट झेलता येते, पण लाटांच्या दोन दऱ्यांमध्ये त्या दिसेनाशा होतात.

अशा कोणाजवळून जावेच लागले, तर वेग अर्धवट कमी करू नये. अर्ध्या वेगात बोटीचे नाक वर उचलले जाते, मागचा भाग खाली बसतो आणि नेमकी तेव्हाच सर्वांत मोठी लाट उठते. चांगल्या हेतूने वेग ‘थोडासा’ कमी करणारा चालक त्यामुळे नकळत जास्त त्रास देतो. एक तर पुरेसे दूर राहावे, किंवा स्कीअरला खाली बसवून बोट अगदी चालीच्या वेगावर आणावी.

पाण्यात पाणबुडे असल्याची खूण म्हणून लाल पार्श्वभूमीवर तिरपा पांढरा पट्टा असलेला झेंडा किंवा निळा-पांढरा ‘अल्फा’ झेंडा लावतात. फ्लोरिडात अशा झेंड्यापासून मोकळ्या पाण्यात ३०० फूट आणि खाडीमुखात किंवा जलमार्गात १०० फूट दूर राहण्यास सांगितले आहे. स्कीअरला घेऊन त्या बाजूला जाऊच नये, हे उत्तम.

फेऱ्या कोणत्या मार्गाने माराव्यात?

एकाच सरळ पट्ट्यात, जाताना आणि येताना शक्यतो आपल्याच जुन्या रेषेवरून. टोकाला पोहोचल्यावर वेग उतरवून लहान वळण घ्यावे आणि आलेल्या रेषेवर परत लागावे. यामुळे बोटीच्या लाटा दोन्ही किनाऱ्यांकडे निघून जातात आणि मधला पट्टा सपाट राहतो. काठाकाठाने सरोवराची प्रदक्षिणा घालणारी बोट प्रत्येक धक्क्यावर लाटा आपटवते, साऱ्या पाण्यात आडवीतिडवी खळबळ माजवते आणि इतर स्कीअरच नव्हे, तर तिचा स्वतःचा स्कीअरही त्या खळबळीत सापडतो. अनेक सरोवरांवर सर्वांनी घड्याळाच्या उलट दिशेने फिरण्याचा नियम असतो. तो फलक उतरण्याच्या घाटावरच लावलेला असतो आणि बोट पाण्यात सोडण्याआधी वाचायचा असतो.

पाणी लहान असेल, तर पाळी लावून खेळावे. कोणी वाट पाहत असताना एकाच गटाने तास न् तास पट्टा अडवून ठेवू नये. स्लॅलमचे, म्हणजे तरंगत्या खुणांना नागमोडी वळसे घालत स्की करण्याच्या प्रकाराचे, बोये लावलेला २५९ मीटरचा मार्ग दिसला, तर त्यामागे कोणाची तरी मेहनत आणि बहुधा परवानगी आहे हे ध्यानात घ्यावे. त्या बोयांना होडी बांधू नये किंवा त्यांमधून ट्यूब ओढत जाऊ नये.

आमच्या लाटेने काही नुकसान झाले, तर जबाबदार कोण?

बोट चालवणारा. बहुतेक ठिकाणी कायदाही हेच सांगतो. धक्क्याला बांधलेल्या होड्या एकमेकींवर आदळणे, शिडीवर चढणारे मूल पडणे, मऊ मातीचा काठ ढासळणे, पाण्याकाठच्या पक्ष्यांची घरटी वाहून जाणे, हे सर्व आपण शंभर मीटर पुढे गेल्यावर घडते, म्हणून ते आपल्याला दिसत नाही. ‘लाट उठवू नये’ असा फलक असेल तेथे बोट पुढे सरकण्यापुरत्या वेगानेच न्यावी.

वेकसर्फिंगच्या, म्हणजे बोटीमागच्या लाटेवरच फळीवर उभे राहून घसरण्याच्या, बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण त्या बोटींत मुद्दाम पाण्याचे वजन भरून मोठी लाट तयार केली जाते. मिनेसोटा विद्यापीठाने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वेकसर्फिंगसाठी किनाऱ्यापासून ५०० फुटांहून, म्हणजे सुमारे १५० मीटरहून अधिक अंतर सुचवले होते. अरुंद नदीत एवढे अंतर मिळतच नाही, आणि मिळत नसेल तर तेथे वेकसर्फिंग करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लाइफ जॅकेट कोणते घ्यावे?

अंगाला घट्ट बसणारे, पट्ट्यांनी आवळता येणारे आणि तुमच्या देशात मान्यताप्राप्त असलेले. पाण्यात उतरल्यावर ते हनुवटीपर्यंत वर सरकत असेल, तर ते मोठे आहे. फुगवून वापरायची जॅकेटे या खेळासाठी चालत नाहीत, कारण जोराने पडल्यावर ती फाटू शकतात आणि बेशुद्ध माणसाला ती स्वतः फुगवता येत नाहीत. रंग भडक असावा. निळे आणि काळे जॅकेट पाण्यात मिसळून जाते.

दोराबाबत कोणती काळजी घ्यावी?

स्कीचा दोर पाण्यावर तरंगणारा असावा आणि तो बोटीला खास ओढण्यासाठी दिलेल्या कडीला किंवा खांबालाच बांधावा. उसवलेला, गाठी पडलेला किंवा उन्हाने कडक झालेला दोर बाद करावा. ताणलेला दोर तुटला तर तो गोफणीसारखा बोटीत परत येतो, म्हणून त्याच्या रेषेत कोणी बसू नये. स्कीचा दोर फुगवलेली ट्यूब ओढण्यासाठी वापरू नये. दोन-तीन जण बसलेल्या ट्यूबचा ओढा एकट्या स्कीअरपेक्षा फार जास्त असतो. हँडल मनगटात, मानेत किंवा गुडघ्यात कधीही अडकवू नये. स्कीअर बोटीत आला की दोर लगेच आत ओढून घ्यावा, कारण मागे सोडलेला दोर आपल्याच किंवा दुसऱ्याच्या पंख्यात गुंतू शकतो.

वेग किती असावा?

लहान मुलांसाठी ताशी २० ते २५ किलोमीटर, दोन स्कीवर उभ्या राहणाऱ्या प्रौढ नवशिक्यांसाठी साधारण ३० ते ३५, आणि एका स्कीवरील सरावलेल्यांसाठी ५० च्या आसपास. स्पर्धेतील स्लॅलममध्ये पुरुषांसाठी कमाल वेग ५८ आणि महिलांसाठी ५५ असतो. म्हणजे जगातील उत्तम स्लॅलम खेळाडूंनाही याहून जास्त लागत नाही. शंका असेल तेथे कमी वेगाने सुरुवात करावी आणि वाढवण्याची खूण स्कीअरकडून येऊ द्यावी.

बोटीच्या अगदी मागे, फळीला धरून घसरत जाणे सुरक्षित आहे का?

अजिबात नाही. इंजिनातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंगही नसतो आणि वासही नसतो, आणि तो बोटीच्या मागच्या भागातच सर्वाधिक साठतो. तेथे काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते, आणि पाण्यात शुद्ध हरपणे म्हणजे बुडणेच. इंजिन चालू असताना मागच्या फळीवर बसू नये आणि ओढल्या जाणाऱ्या माणसाला बोटीपासून निदान ६ मीटर दूर ठेवावे. वेकसर्फिंगमध्ये माणूस जवळ असतो, म्हणून ते फक्त पंखा बोटीच्या तळाखाली असलेल्या, त्यासाठीच बनवलेल्या बोटींमागे करावे. मागच्या टोकाला उघडे इंजिन असलेल्या बोटीमागे कदापि करू नये.

कोणत्या वेळी आणि कोणत्या हवेत बाहेर पडू नये?

सूर्यास्तानंतर ते सूर्योदयापूर्वी. ओढून खेळायच्या प्रकारांना या वेळात जवळजवळ सगळीकडे बंदी असते; ती सूर्यास्ताला लागते की त्यानंतर अर्ध्या-एक तासाने, एवढाच फरक असतो. मेघगर्जना ऐकू आली तर लगेच किनाऱ्याला यावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे थांबावे. थंड पाण्यात अचानक पडल्यावर पहिला मिनिटभर श्वासावर ताबा राहत नाही आणि दहा मिनिटांच्या आसपास हातापायांतील बळ जाऊ लागते. वेटसूटशिवाय अशा पाण्यात उतरू नये.

भल्या पहाटे पाणी आरशासारखे सपाट असते आणि स्कीअरना तीच वेळ प्रिय असते, हे आम्हीही समजून आहोत. पण पाण्यावरून आवाज लांब जातो. त्या वेळी किनाऱ्यावर लोक झोपलेले असतात, म्हणून बोटीवर मोठ्याने संगीत लावू नये आणि एकाच घरासमोर पुन्हा पुन्हा सुरुवात करू नये.

थोडे मद्य घेतले असेल तर चालते का?

चालकाने, निरीक्षकाने आणि स्कीअरने, तिघांनीही अजिबात घेऊ नये. ऊन, वारा आणि बोटीचे सततचे हेलकावे यांमुळे पाण्यावर मद्याचा अंमल अधिक जाणवतो. चालक जागेवरून फेकला गेल्यास इंजिन बंद करणाऱ्या कळीची दोरी त्याने अंगाला लावलेली असावी. अमेरिकेत २६ फुटांपेक्षा लहान बोटींसाठी एप्रिल २०२१ पासून हे केंद्रीय कायद्यानेच आवश्यक केले आहे.

जेट स्कीने स्कीअरला ओढता येते का?

बऱ्याच ठिकाणी येते, पण ती तीन जण बसू शकतील एवढी असावी लागते: चालक, मागे तोंड करून बसलेला निरीक्षक आणि परतताना स्कीअर. दोन आसनांची जेट स्की त्यासाठी वापरू नये.

एवढी बंधने कशासाठी? पाणी तर सर्वांचेच आहे.

सर्वांचे आहे म्हणूनच. इंग्लंडमधील सर्वांत मोठ्या सरोवरावर, विंडरमिअरवर, वॉटर स्कीइंगची अनेक दशकांची परंपरा होती. इतर वापरकर्त्यांची शांतता आणि सुरक्षितता यांवरून झालेल्या दीर्घ वादानंतर २००५ साली तेथे ताशी १० सागरी मैलांची, म्हणजे सुमारे साडेअठरा किलोमीटरची वेगमर्यादा लागू झाली. त्या वेगात स्कीवर उभे राहता येत नाही, आणि तेथला हा खेळ व्यवहारात संपला. त्या निर्णयाच्या बाजूने आणि विरोधात दोन्हीकडून बरेच बोलता येईल. पण स्कीअरनी शिष्टाचार काटेकोरपणे पाळले, तर असा वाद टोकाला जाण्याआधी बोलणी करायला जागा उरते, असे आम्हाला मनापासून वाटते.

एका सरोवरातून दुसऱ्या सरोवरात बोट नेताना काय करावे?

बोट, ट्रेलर, दोर आणि जॅकेटे धुवावीत, साठलेले सर्व पाणी काढून टाकावे आणि सर्व सामान पूर्ण वाळू द्यावे. झेब्रा शिंपल्यांसारखे परके जीव आणि पाणवनस्पतींचे तुकडे अशाच ओल्या सामानातून नव्या पाण्यात पोहोचतात आणि एकदा रुजले की त्यांना हटवणे जवळजवळ अशक्य होते. वजनासाठी पाणी भरणाऱ्या बोटींच्या टाक्यांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण त्या पूर्ण रिकाम्या होत नाहीत.

दुसरा चालक बेदरकारपणे वागत असेल तर काय करावे?

प्रथम आपला स्कीअर बोटीत घ्यावा आणि इंजिन बंद असतानाच थांबून त्या बोटीला जाऊ द्यावे. तिच्या मागे लागू नये आणि पाण्यावर भांडण करू नये. दोन बोटी रागाने जवळ आल्या की पाण्यात असलेल्या तिसऱ्याच माणसाला धोका होतो. बऱ्याच वेळा समोरच्याला नियम ठाऊकच नसतो, त्यामुळे नंतर धक्क्यावर शांतपणे बोलल्यास तो ऐकून घेतो. प्रकार गंभीर असेल, तर बोटीचा नोंदणी क्रमांक, वेळ, जागा आणि जाण्याची दिशा लिहून ठेवून जलमार्गाच्या प्रशासनाकडे तक्रार द्यावी. कोणाला इजा झाली असेल, तर थांबून मदत करणे हे प्रत्येक चालकाचे कर्तव्य आहे. मानेला किंवा पाठीला मार बसल्याचा संशय असेल, तर जखमी माणसाला घाईने बोटीत ओढू नये. कोणीतरी जॅकेट घालून पाण्यात उतरावे, त्याचे डोके व मान एका रेषेत स्थिर धरून तोंड पाण्यावर ठेवावे आणि बाकीच्यांनी झेंडा वर धरून मदत बोलवावी.